कायदा झाला, पण पोरगं अजून घरातच

मागच्या महिन्यात वस्तीतली एक आई भेटली. मुलगा दहा वर्षांचा. बोलत नाही, हाकेला ओ देत नाही, तासन्‌तास झाकण फिरवत बसतो. शाळेत नाव आहे, पण पोरगं घरातच. "मागल्या जन्माचं पाप म्हणतात, ताई," ती म्हणाली. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि घरात मागल्या जन्माची भीती! मी रागावले नाही. तिला दुसरं कुणी काही सांगितलंच नव्हतं.

लक्षणं स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची वाटतात. निदान डॉक्टरांनीच करायचं. पण हा शाप नाही, आईची चूकही नाही. मेंदूची वाढ वेगळ्या तऱ्हेने होते, इतकंच.

1995 च्या अपंगांच्या कायद्यात स्वमग्नतेचं नाव नव्हतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आले. त्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बौद्धिक अक्षमता आहेत. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

पण त्यासाठी दाखला हवा. ही आई कोल्हारहून दोनदा नगरला जाऊन आली. एकदा डॉक्टर नव्हते, एकदा कागद कमी पडला. दोन्ही खेपांना नवरा-बायकोची मजुरी बुडाली, एसटीचं भाडं वेगळं. तिसऱ्यांदा ती गेलीच नाही. याला पालकांची बेपर्वाई म्हणायचं का? मी म्हणणार नाही.

डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला. चांगलं झालं. पण विभाग मुंबईत आणि मूल वस्तीत. माझं मत स्पष्ट आहे: दाखल्याची तपासणी ठरलेल्या तारखेला तालुक्याच्या ठिकाणी झाली पाहिजे. रोजंदारीवरच्या माणसाला जो हक्क मजुरी बुडवून घ्यावा लागतो, तो अर्धाच हक्क.

तोवर आपण काय करायचं? मूल दीड-दोन वर्षांचं होऊनही बोलत नसेल, नजर देत नसेल, तर "बोलेल उशिरा" म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका.

मूल 18 चं होत आलं असेल तर कायदेशीर पालकत्वाची चौकशी करा. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली त्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे करता येतो. आपल्या माघारी त्याचं कोण, या प्रश्नाची सोय आपण असतानाच लावायची.

आणि ग्रामसभेत एक प्रश्न विचारा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. गेल्या वर्षी ते कुठे गेले? एकटी आई विचारेल तर तिला गप्प करतील. विहारात बसून नावं काढा आणि दहा जणी मिळून जा.

आपण दया मागत नाही. हिशेब मागतो आहोत.