घरातला रेडॉन आणि बांधकामाचे साहित्य: महानगरपालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, छत्रपती संभाजीनगर महानगरपालिका

विषय: बांधकाम परवानगीत रेडॉनचा विचार होण्याबाबत

रेडॉन हा रंग, वास, चव नसलेला किरणोत्सारी वायू आहे. खडक-मातीतल्या अल्पशा युरेनियमपासून रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन तयार होतो. 3.8 दिवसांत तो निम्मा विरतो, पण विरताना पोलोनियमचे कण मागे ठेवतो. धुळीवर बसून ते फुप्फुसात जातात आणि तिथेच अल्फा किरण सोडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते धूम्रपानाखालोखाल फुप्फुसाच्या कर्करोगाचे हे मोठे कारण आहे. घरातल्या हवेसाठी संघटनेने 2009 मध्ये दर घनमीटरला 100 बेकरेल (किरणोत्साराचे एकक) ही संदर्भपातळी सुचवली. तेवढे जमणारच नसेल तिथेही 300 ओलांडू नये.

संभाजीनगरच्या पायाखालचा दगड या बाबतीत भला आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या या काळ्या पाषाणात युरेनियम ग्रॅनाइटच्या मानाने फारच कमी असते. ग्रॅनाइट मराठवाड्यात उघडा पडतो तो नांदेडच्या देगलूर-बिलोलीकडे. स्थानिक खडी आणि मुरुमाची म्हणूनच फारशी धास्ती नको. लक्ष हवे ते बाहेरून येणाऱ्या साहित्यावर.

त्यात पहिली राख. कोळसा जळून जातो, त्यातले रेडियम राखेत उरते. भारतीय कोळशात राखच 30-40 टक्के असल्याने राखेत ते दोन-तीन पट दाटते. मात्र राखेचे कण काचेसारखे असल्यामुळे रेडॉन सहज सुटत नाही. म्हणून परळीच्या वीजकेंद्रातल्या राखेच्या विटा नाकारणे अन्यायाचे होईल. त्या तपासून घेणे पुरेसे आहे. खत कारखान्यांत उरणाऱ्या फॉस्फोजिप्समची गोष्ट वेगळी. रॉक फॉस्फेटमधले बहुतेक रेडियम त्यातच राहते आणि पुढे छताचे, भिंतींचे बोर्ड होऊन ते घरात येऊ शकते. अणुऊर्जा नियामक मंडळाने 2009 मध्ये त्यासाठी दर ग्रॅमला 1 बेकरेल ही रेडियमची मर्यादा घातली. स्वयंपाकघराच्या ओट्यावरचा ग्रॅनाइट मात्र क्षेत्रफळाने इतका थोडा असतो की त्याची भीती बहुधा अनाठायी ठरते.

साहित्याची निवड चुकली तर काय होते, हे स्वीडनने भोगले आहे. युरेनियमयुक्त शेलपासून केलेले हलके काँक्रीट तिथे 1929 पासून घराघरांत वापरले गेले. उत्पादन 1975 मध्ये थांबले, भिंती तशाच राहिल्या.

तरीही बहुतेक घरांत रेडॉन मुख्यतः जमिनीतूनच येतो. जोत्यात भराव, त्यावर दगडांचे सोलिंग, पीसीसी (साधे काँक्रीट) आणि फरशी असे थर पडतात. वायू शिरतो तो पीसीसीच्या तड्यांतून, भिंत-फरशीच्या सांध्यातून आणि सांडपाण्याच्या पाइपभोवतीच्या फटीतून. पीसीसीखाली सुमारे 100 मिमी स्वच्छ खडी, तिच्यावर सांधे एकमेकांवर चढवून अंथरलेला जाड पॉलिथिनचा कागद, पाइपांभोवती लवचीक सीलंट आणि खडीतून गच्चीपर्यंत नेलेली एक उभी नळी: एवढ्याने बराचसा वायू घरात न शिरता वर निघून जातो. हे काम बांधतानाच स्वस्तात होते. फरशी बसल्यावर तीच गोष्ट तोडफोडीची.

म्हणून महानगरपालिकेने फॉस्फोजिप्समचे बोर्ड आणि राखेच्या विटा यांच्यासाठी पुरवठादाराकडून रेडियम, थोरियम आणि पोटॅशियमच्या तपासणीचा अहवाल मागावा. युरोपीय संघाच्या 2013 च्या निर्देशातले सूत्र त्यासाठी तयार आहे: दर किलोतल्या बेकरेलमध्ये मोजलेल्या रेडियमला 300 ने, थोरियमला 200 ने, पोटॅशियमला 3000 ने भागून येणारी बेरीज 1 च्या आत असावी. तळघरांची आणि तळमजल्यावर झोपण्याच्या खोल्यांची परवानगी देताना वर सांगितलेला कागद आणि नळी नकाशात दाखवण्याची अट घालावी.

मोजणी महानगरपालिकेच्या शाळांच्या तळमजल्यावरील वर्गांपासून सुरू व्हावी. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेला पिनहोल डोसिमीटर विजेशिवाय चालतो. त्यातल्या फिल्मवर सुमारे तीन महिन्यांत अल्फा कणांचे ओरखडे उमटतात, ते प्रयोगशाळेत मोजतात. खिडक्या बंद असतात तेव्हा पातळी वाढते, म्हणून एक मोजणी हिवाळ्यात असावी. एसी लावून बंद ठेवल्या जाणाऱ्या कार्यालयांत दुसरी उन्हाळ्यात घ्यावी.

कळावे,
शहरातील एक रहिवासी