यकृतातील शिबंदी

कावीळ म्हटली, की आपल्या करवीरनगरीत प्रथम आठवण होते ती पंचगंगेच्या पाण्याची, आणि ती अकारण नाही; २०१२ साली इचलकरंजीत घरोघर माणसे पिवळी पडली, ती दूषित पाण्यातून आलेल्या ई जातीच्या विषाणूने. परंतु महिन्या-दीड महिन्यात बहुधा आपसूक ओसरणाऱ्या त्या काविळीच्या मापाने हिपॅटायटीस बी या व्याधीला जोखण्याची जी सवय आपल्याला जडली आहे, ती घातक आहे. कारण ही व्याधी पाण्यातून येतच नाही, ती रक्तावाटे येते, आणि पुष्कळदा प्रसूतिसमयी आईकडून मुलाकडे जाऊन, डोळ्यांत पिवळेपणाचा लवलेशही न उमटवता, पंचवीस-तीस वर्षे अंगात मुक्काम ठोकते.

यातील मर्म असे, की विषाणू स्वतः यकृताच्या पेशीचा सहसा घात करीत नाही. तो पेशीच्या केंद्रकात आपल्या जनुकद्रव्याचे एक चिवट वर्तुळ ठेवतो आणि तिच्याकडूनच आपल्या प्रती काढून घेतो, पेशी जगते. नासाडी होते ती आपल्याच प्रतिकारपेशींच्या हातून. तान्हेपणी लागण झालेल्याच्या टी-पेशी या आगंतुकाची दीर्घकाळ फारशी दखल घेत नाहीत, म्हणून रक्तात विषाणू कोट्यवधी असताही एसजीपीटी या यकृतातील विकराचा आकडा साळसूदपणे मर्यादेत राहतो. पुढे ऐन उमेदीच्या वयात त्या जाग्या होऊन बाधित पेशींना हुडकून मारू लागल्या, की फुटलेल्या पेशींतील एसजीपीटी रक्तात उतरते. अमेरिकेत फ्रान्सिस चिसारी यांच्या प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात उंदरांवर झालेल्या प्रयोगांतून असे दिसून आले, की विषाणूला नेमके ओळखणाऱ्या टी-पेशी हत्या न करताही, केवळ इंटरफेरॉनसारखी द्रव्ये सोडून, त्याचा पुष्कळसा बंदोबस्त करू शकतात. विध्वंस वाढतो तो त्यांच्यामागून येणाऱ्या, विषाणूची ओळखदेख नसलेल्या पेशींच्या झुंडीने. मुलूख राखण्यासाठी धाडलेल्या शिबंदीमागोमाग बुणगे यावेत आणि त्यांनी रयतेचीच गुरेढोरे ओढून न्यावीत, तशातलाच हा प्रकार. बरे, जुनाट आजारात ती शिबंदीही निस्तेज होते, शत्रू कायम राहतो, मारामारी अर्धवट चालूच राहते, आणि व्रणाचे तंतू साचत साचत मऊ यकृत निबर होऊन जाते.

असे असता, करोनाच्या साथीपासून प्रत्येक काढ्याच्या बाटलीवर 'प्रतिकारशक्ती वाढवा' असे जे फर्मान छापलेले आढळते, ते या रोग्याने कोणत्या अर्थी घ्यावे? (चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पाणी पिवळे झाले, म्हणजे कावीळ उतरली, या समजुतीपेक्षा हे फर्मान फारसे शास्त्रीय नाही.) उलट बाजूही तितकीच बिकट आहे: कर्करोगावर किंवा संधिवातावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू झाली, की विषाणू मोकाट वाढतो, आणि औषधे थांबताच परतलेल्या पेशी यकृतावर तुटून पडतात. म्हणूनच असे उपचार आरंभण्यापूर्वी हा विषाणू अंगात आहे की नाही हे सांगणारी एचबीएसएजीची साधी तपासणी झालीच पाहिजे, असा माझा आग्रह आहे. टेनोफोव्हिरसारखी गोळी विषाणूला दाबून ठेवते, समूळ उखडीत नाही. पण दबलेल्या विषाणूमागे पेशी धावत नाहीत, आणि यकृताला उसंत मिळते. २०१८ च्या २८ जुलैला सुरू झालेल्या राष्ट्रीय हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रमात ही तपासणी व औषध मोफत देण्याची तरतूद आहे. तथापि खरी मात लसीची. जन्मतः लागण झालेल्या दहांपैकी सुमारे नऊ बालकांत रोग कायमचा होतो, प्रौढांत मात्र शेकडा पाचांहून कमी जणांत. यास्तव पहिला डोस चोवीस तासांच्या आत टोचणे अगत्याचे.

गणेशोत्सवात मंडळाच्या शिबिरात रक्त दिलेल्या एखाद्या तरुणाच्या रक्तात एचबीएसएजी आढळते, आणि त्याला रक्तपेढीतून भेटीला येण्याचा निरोप येतो. तो घाबरत जातो, पुढे तपासणीत एसजीपीटी ३४ निघते, आणि आकडा मर्यादेत पाहून कागद कपाटात ठेवून मोकळा होतो. वस्तुतः त्याने विषाणूंची संख्या मोजून घ्यावयाची असते, दर सहा महिन्यांनी डॉक्टरांना दाखवावयाचे असते, आणि आई, भावंडे, लग्न झाले असल्यास पत्नी व मुले या सर्वांची तपासणी करवून ज्यांना लागण नाही त्यांना लस द्यावयाची असते. पण 'रिपोर्ट नॉर्मल आहे' एवढे ऐकल्यावर घरात हा विषय काढण्याचे त्याला कारणच उरत नाही.