मुक्कामाची जागा आणि मावळतीची वेळ

चार दिवसांचा शहरप्रवास ठरला की आपल्या घरांत प्रथम गाडीचे आरक्षण होते, मग खोलीचे भाडे पाहिले जाते. आणि ती खोली शहराच्या कोणत्या भागात आहे, हा प्रश्न बहुधा सर्वांत शेवटी येतो. दुकान घेताना जागेची शंभरदा चौकशी करणारा व्यापारी मुक्कामाच्या बाबतीत मात्र भावावर भुलतो. आमच्याकडूनही हीच चूक घडली.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही सहकुटुंब अहमदाबादला गेलो. यजमानांना कापडबाजारात काम होते, मुलांना जुने शहर पाहायचे होते आणि सासूबाईंना दिल्ली दरवाजाबाहेरील हठीसिंगच्या देरासराचे दर्शन घ्यायचे होते. सवलतीचा भाव मिळाला म्हणून सरखेज-गांधीनगर महामार्गावरील एका हॉटेलात उतरलो. खोल्या प्रशस्त व स्वच्छ होत्या. उणे होते ते आमच्या हिशेबात. सारी कामे साबरमतीच्या पूर्वेस आणि मुक्काम पश्चिमेच्या टोकास!

पहिल्या दिवशी शेठाणी हरकुंवर यांनी पूर्ण करविलेले, 1848 सालचे ते संगमरवरी देरासर पाहून सारे तृप्त झालो. दुपारी एकला जेवण झाले. पुढे माणेकचौकात सराफांच्या पेढ्यांवर वेळ गेला. डिसेंबरात तेथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. आम्ही पाचनंतर निघालो आणि पुलावर, वाहनांच्या रांगेतच दिवस मावळला. थेपल्यांचा डबा खोलीत राहिला होता. सासूबाईंचा चौविहार, पाणीही घेणे नाही. ‘‘मला भूक नाहीच, सूनबाई,’’ एवढेच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही तेच घडले. तिसऱ्या सकाळी पायऱ्या उतरताना त्यांनी कठडा घट्ट धरला, तेव्हा कोठे आम्ही हिशेब मांडला. दुपारी एकपासून दुसऱ्या दिवशीच्या नवकारशीपर्यंत, म्हणजे सुमारे एकोणीस तास, सत्तरी ओलांडलेली ती माउली सलग दोन दिवस निराहार व निर्जळ राहिली होती. आणि आमची सहल बिघडू नये म्हणून बोलली नव्हती.

त्याच दिवशी आम्ही पालडीत मुक्काम हलविला. ही वस्ती नदीच्या पश्चिमेसच, परंतु काठाजवळ. देरासर व उपाश्रय चालत जाण्याच्या अंतरावर, आणि सूर्यास्तापूर्वी जैन भोजन देणारी ठिकाणेही जवळ. मेट्रोने जुन्या हायकोर्ट स्थानकात गाडी बदलली की काळूपूर गाठता येते. भाडे थोडे अधिक पडले. परंतु रिक्षांवरील खर्च आणि रस्त्यात वाया जाणारे तास वजा केले, तेव्हा व्यवहार नफ्याचाच ठरला.

याचा अर्थ सर्वांनी पालडीतच उतरावे असा नाही. पोळांमधील लाकडी कोरीव घरे, चबुतरे आणि गल्लीगल्लीतील देरासरे यांसाठी जाणाऱ्यांनी जुन्या शहरातच राहावे. 2017 मध्ये युनेस्कोने हे शहर जागतिक वारसायादीत घेतले. काळूपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत सकाळी निघणारी वारसा फेरी तेथून सोयीची. मात्र अनेक पोळांत मोटार शिरत नाही, जुन्या घरांचे जिने उभे असतात, आणि दिवसा सराफांचा असणारा माणेकचौक रात्री खाद्यपदार्थांच्या गाड्यांनी गजबजतो. तरुणांना ती मौज. गुडघे दुखणाऱ्यांना व लवकर निजणाऱ्यांना त्रास. नवरंगपुरा आणि सी. जी. रोड हा भाग खरेदी व भोजन यांसाठी मध्यवर्ती. महामार्गाचा परिसर ज्यांची कामे तिकडच्या नव्या कार्यालयांत आहेत आणि ज्यांच्याजवळ स्वतःचे वाहन आहे, त्यांना योग्य. वस्ती वाईट कोणतीच नसते. ती आपल्या दिनक्रमाशी जुळते की नाही, एवढेच पाहावयाचे.

तेव्हापासून कोणत्याही शहरी जाण्यापूर्वी आम्ही नकाशावर तीन खुणा करतो: सकाळचे दर्शन कोठे, मुख्य काम कोठे आणि सूर्यास्तापूर्वी पान कोठे मांडले जाईल. तिन्ही एकत्र जमत नसतील, तर काम दूर चालेल; पहिली व तिसरी खूण मुक्कामाजवळ हवी. मग दूरध्वनी करून चार गोष्टी विचारतो. सायंकाळचे जेवण किती वाजता मिळेल? उकाळलेले पाणी मिळेल का? उद्वाहन आहे का? वाहन दारापर्यंत येते का? धर्मशाळा असेल, तर रात्री दार किती वाजता बंद होते, हेही विचारावे. ऋतूचाही विचार हवा. मेअखेरीस अहमदाबादेत सव्वासातपर्यंत उजेड असतो. जी वस्ती उन्हाळ्यात सोयीची, ती हिवाळ्यात दूरची ठरू शकते.

आणि एक सूचना. मुक्काम ठरविताना घरातील सर्वांत वडील व्यक्तीला शेजारी बसवावे, तिला विचारावे. ‘‘मला कोठेही चालेल,’’ असे उत्तर येईल. त्यावर विसंबू नये. आम्ही विसंबलो होतो.