वऱ्हाडी माणसाला ऊन लागत नाही?

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की अंजनगावातून अलिबाग, गणपतीपुळ्याकडे गाड्या निघतात. जाताना चार सूचना द्याव्यात तर उत्तर ठरलेले, "डॉक्टरसाहेब, आम्ही ४५ अंशांत राहणारी माणसं. तिथल्या ३४ ला काय भ्यायचं?" मला भीती वाटते ती नेमकी या उत्तराचीच.

असेच उत्तर देऊन गेलेले माझे एक पेशंट भर दुपारी दोन तास नातवंडांबरोबर वाळूत खेळले आणि चक्कर येऊन पडले. सोबतच्यांनी लगेच सावलीत नेले म्हणून निभावले. "घाम तर धो धो येत होता," ते मला सांगत होते. घोडे तिथेच पेंड खाते!

आपल्या घरचा कूलर आठवा. वऱ्हाडची हवा कोरडी, म्हणून ताट्यांवरचे पाणी वाळते आणि खोली गार होते. तोच कूलर मुंबईत लावला तर खोली नुसती दमट होते. शरीराचेही तसेच आहे. घाम येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. समुद्रकाठी हवेतच बाष्प फार. घाम ठिबकतो, पाणी आणि मीठ निघून जाते, पण अंग निवत नाही.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लोक तासन्‌तास उन्हात बसले. पारा ३८ च्या आसपास, म्हणजे आपल्या लेखी एप्रिलातला साधा दिवस. १४ माणसे दगावली.

तेव्हा समुद्रावर जरूर जा, पण सकाळी १० च्या आत नाहीतर संध्याकाळी ४ नंतर. येथे डोक्याला बांधता तो दुपट्टा तेथेही बांधा. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्या. एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, एवढे सोबत असू द्या. म्हातारी माणसे, लहान मुले आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे यांना विशेष जपा.

कोणी असंबद्ध बोलू लागले, अंग तापले, शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. तापाची गोळी येथे उपयोगाची नाही. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

खिशातल्या कांद्यावर आणि वऱ्हाडी असण्यावर मात्र विसंबू नका. सूर्य गाव विचारत नाही.