तपासणीस साहेब, खाटा मोजल्या, माणसं कधी मोजणार?

खाटा मोजल्या. खोलीला टेप लावला. आग विझवायच्या नळकांड्यावरची तारीख बघितली. संडास आहे, पाणी आहे, फाईल आहे. साहेबानं चहा घेतला, सही मारली, गाडी निघाली. ह्याला म्हणतात नर्सिंग होमची तपासणी. किनवटपासून निलंग्यापर्यंत हीच तऱ्हा. खाटेवर कोण झोपलंय, कशानं झोपलंय, बरा होऊन उठला तर परत जायला त्याचं घर शिल्लक राहील का, हा रकाना त्या फॉर्मात नाय.

मित्रांनो, ह्या कायद्याची जन्मपत्रिका बघा. १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा. तेव्हा मराठवाडा मुंबई राज्यात नव्हता, हैदराबाद राज्यात होता. कायदा आमच्याकडे मागाहून आला आणि आला तो मालकाच्या बाजूच्या दारानं. शहरात तपासायचा अधिकार महापालिकेचा, बाकी जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सकाचा. हा सिव्हिल सर्जन स्वतःचा दवाखाना चालवणार, शवविच्छेदनं बघणार, अपंगांचे दाखले देणार, मंत्री आला की हात बांधून उभा राहणार आणि उरलेल्या वेळात उदगीर-कंधारची नर्सिंग होमं तपासणार. उरलेल्या वेळात कुणाचा जीव तपासला जात नसतो. उरलेल्या वेळात फक्त सह्या होतात.

आणि ह्या कायद्याला एक भगदाड आहे, त्यातून अख्खी बैलगाडी जाईल. सरकारी दवाखान्याला हा कायदा लागूच नाही. खाजगीला तपासणारं सरकार, सरकारला तपासणारं कोण? कुणी नाही. ह्या दोघांच्या मधल्या फटीत आमची माणसं मरतात.

३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३. नांदेड, विष्णुपुरी, डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालय. २४ तासांत २४ मरणं. त्यातली १२ नुकती जन्मलेली पोरं. ४८ तासांत आकडा ३१ वर गेला. त्याच दिवसांत औरंगाबादच्या घाटीतही मरणाची रांग लागली होती. औषधं नव्हती, माणसं कमी होती, खाटांच्या दुपटीहून जास्त रोगी होते. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. आणि दवाखान्याकडून खुलासा काय आला? बरेच रोगी खाजगीतून शेवटच्या घटकेला आणले होते.

थांबा. हा खुलासा नाही, हा कबुलीजबाब आहे. तो नीट वाचा.

खाजगीत पोरगं काचेच्या पेटीत ठेवतात. रोजचं भाडं रोज. बाप मंगळसूत्र मोडतो, शेळी विकतो, मुकादमाकडून उचल घेतो. पैसा आटला की चिठ्ठीवर एक शब्द उमटतो, रेफर. पोरगं रिक्षात, सलाईन आजीच्या हातात, विष्णुपुरीला. तिथं ते मरतं. मरण सरकारी वहीत चढतं. खाजगीची वही धुतल्या तांदळासारखी. तपासणीस आला की मालक वही पुढं सरकवतो, बघा साहेब, आमच्याकडं मृत्यू नाहीत. सगळेच असं करतात असं मी म्हणत नाही. मराठवाड्यात पदरमोड करून गरिबाला जगवणारे डॉक्टरही आहेत. पण जो असं करतो त्याला पकडणारा रकाना फॉर्मात कुठं आहे? किती पोरं रेफर केली, कुठल्या तासाला केली, किती पैसे घेतल्यावर केली, हे कोण विचारतो?

१९७८ ला ह्याच नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळेंना मारलं. तेव्हा मारणारा समोर दिसत होता. आता मारणारा दिसत नाही. आता पक्की पावती मिळते.

त्या २०२३ च्या मरणानंतर आणखी एक तमाशा झाला. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील दवाखान्यात गेले आणि अधिष्ठात्यांच्या हातात झाडू दिला. संडास धुवायला लावला. अधिष्ठाता आदिवासी. ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदला गेला. वर्तमानपत्रांनी फोटो छापले, लोकांनी मिटक्या मारल्या. पण एक सवाल कुणी विचारला नाही. जे काम डीनसाठी शिक्षा, ते काम आमच्या बाईचा रोजचा धंदा कसा? तिनं कुठला गुन्हा केला? कुठल्या कलमाखाली तिला पिढ्यान्‌पिढ्या ही शिक्षा?

तपासणीस साहेब, इथं तुमचा खरा कस लागतो. तुम्ही पिशव्यांचे रंग बघता. पिवळ्या पिशवीत रक्ताचे बोळे आणि कापलेले अवयव, लाल पिशवीत नळ्या, पांढऱ्या डब्यात सुया, निळ्यात काच. रंग बरोबर, साहेब खूष. पिशवी उचलणारा हात बघितला का? २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमात लिहिलंय, कचरा हाताळणाऱ्याला कावीळ ब आणि धनुर्वाताची लस द्या, हातमोजे द्या, बूट द्या, दरसाल त्याची तब्येत तपासा. हे नियमात आहे, मी माझ्या पदरचं सांगत नाही. लातूरच्या कुठल्याही नर्सिंग होमच्या मागच्या दाराला जा आणि झाडूवाल्या मावशीला विचारा, लस कधी टोचली? ती हसेल. ते हसणं तुमच्या अहवालात लिहा.

मी गोदीत माल उचलतो. तिथंही पेटीवर खडूची खूण होते, टॅली क्लार्क आकडा मांडतो. पेटी फुटली तर चौकशी बसते. उचलणाऱ्याची पाठ मोडली तर दुसरा गडी येतो. म्हणून ही मोजणी मला लांबूनच ओळखू येते. माल मोजतात. माणूस धरलेलाच नसतो.

शेजारचा बीड जिल्हा बघा. २०१९ ला ऊसतोडणीच्या बायांच्या गर्भपिशव्यांचा बोभाटा झाला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांची समिती नेमली गेली. ८२,३०९ बाया तपासल्या, त्यात १३,८६१ बायांची पिशवी काढलेली निघाली. बहुतेक खाजगीत. पाळी आली, खाडा झाला, मुकादमानं दंड लावला, पोटात दुखलं, डॉक्टरनं कॅन्सरचं भ्या घातलं, पिशवी काढली. ही नर्सिंग होमं काय भुयारात होती? त्यांच्याही खाटा मोजल्या होत्या. त्यांच्याही भिंतीवर प्रमाणपत्र टांगलं होतं. तेरा हजार पिशव्या जाईपर्यंत सही करणाऱ्याचं पेन एकदाही अडलं नाही.

आता आपल्यातल्यांना दोन शब्द. लातूर पॅटर्नमधून डॉक्टर निघतात, स्पर्धा परीक्षेतून साहेब निघतात. उद्या वस्तीतलाच कुणी त्या तपासणीसाच्या खुर्चीत बसेल. बाबासाहेबांनी मोक्याच्या जागा घ्यायला सांगितल्या त्या ह्यासाठीच. मला ठाऊक आहे, एका नर्सिंग होमची नोंदणी अडवली की आमदाराचा फोन येतो, दुसऱ्या दिवशी बदलीचा कागद येतो, साहेबाच्या पोरांची शाळा सुटते. एकटा साहेब कितीही सच्चा असला तरी मोडतो. पण भावा, तुझी सही आणि त्यांची सही एकसारखीच निघणार असेल, तर भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावून काय उपयोग? मोडायचं असेल तर खरा अहवाल लिहून मोड. आम्ही रस्त्यावर येऊ. लिहिलंच नाहीस तर आम्ही कशासाठी यायचं?

आणि रस्त्यावरच्यांनो, साहेबाची वाट बघत बसू नका. २०२१ ला ह्या कायद्याचे नियम सुधारले. दरपत्रक दर्शनी जागी लावलं पाहिजे. रुग्ण हक्कांची सनद लावली पाहिजे. बिलासाठी मढं अडवता येत नाही. तक्रार ऐकायला कक्ष आणि टोल फ्री नंबर पाहिजे. हे कागदावर आहे. कागद कुणाच्या बापाचा नाही. चौघं मिळून जा. मोडतोड नको, डॉक्टरच्या अंगावर हात नको, त्यानं मालकच सुटतो. नोंदणी दाखवा म्हणा. दरपत्रक मोठ्यानं वाचा, वाचता येत नाही त्या बायांना ऐकू जाऊ द्या. नसेल तर तारीख घालून लेखी तक्रार द्या, पोच घ्या. माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून गेल्या तीन वर्षांचे तपासणी अहवाल मागा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर अपील करा.

आमच्या मागण्या लिहून घ्या. तपासणीच्या पथकात वस्तीची एक बाई आणि दवाखान्याचा एक सफाई कामगार पाहिजे. रेफर केलेल्या प्रत्येक रोग्याची वेळ, कारण आणि घेतलेला पैसा तपासणीत आला पाहिजे. अहवाल नर्सिंग होमच्या दारावर मराठीत चिकटवला पाहिजे. सरकारी दवाखान्यालाही हाच फॉर्म, हीच तपासणी, हीच शिक्षा.

दलित पँथर १९७२ ला उभी राहिली, कारण इलायापेरुमल समितीचा अहवाल सरकारनं धूळ खात ठेवला होता. विष्णुपुरीच्या बारा पोरांच्या अहवालावर धूळ बसू द्यायची की नाही, हे मंत्रालयात ठरणार नाही. अर्ज दहा रुपयांचा आहे. पेन काढा.