नाक्यावरची नोंद कोण ठेवणार?

रात्री नवापूरहून नंदुरबारला परतताना नाकाबंदीत मला थांबवले. लायसन्सवरचे नाव वाचले आणि ‘तुम्ही’चा ‘तू’ झाला. बॅग, खिसे, मोबाइल, सगळे तपासले. मागून आलेल्या दुचाकीला हातानेच जायला सांगितले. मला का अडवले, याची कुठेही नोंद नाही.

घरी सुखरूप पोहोचलो, म्हणून आपण असा अपमान गिळतो. ‘उलट बोलू नकोस,’ असे अम्मीही बजावते. पण जिथे हिशेब द्यावा लागत नाही, तिथे गोष्ट अपमानापाशी थांबत नाही.

परभणीचा अभियंता ख्वाजा युनूस आठवा. घाटकोपर बॉम्बस्फोट प्रकरणात त्याला डिसेंबर २००२ मध्ये पकडले. पुढच्याच महिन्यात पोलिसांनी सांगितले, औरंगाबादला नेताना जीपला अपघात झाला आणि तो पळाला. सीआयडीच्या तपासात ही गोष्ट बनावट निघाली. तो कोठडीतच मेला होता. चार पोलिसांवर खटला झाला, पण वीस वर्षांनंतरही निकाल लागला नव्हता. त्यातले सचिन वाझे २०२० मध्ये पुन्हा सेवेत आले. शेजारच्या धुळ्यात ६ जानेवारी २०१३ रोजी पोलीस गोळीबारात सहा मुस्लिम तरुण गेले.

हे दुखणे एकट्या आपले नाही. परभणीतच डिसेंबर २०२४ मध्ये कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. गुन्हा नोंदवण्यासाठी उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला.

अमेरिकेत २०१६ मध्ये फिलँडो कॅस्टिल या काळ्या तरुणाला गाडी थांबवून पोलिसाने गोळ्या घातल्या. तो पोलीसही निर्दोष सुटला. म्हणजे नुसत्या नोंदीने न्याय मिळतोच असे नाही. पण कॅलिफोर्नियात २०१५ च्या कायद्यामुळे पोलिसांना अडवलेल्या प्रत्येकाचा वंश नोंदवावा लागतो, म्हणून तिथे भेदभाव आकड्यांत दाखवता येतो. आपल्याकडे तो फक्त ‘तुझा गैरसमज’ ठरतो.

म्हणून मागणी साधी आहे: नाक्यावरच्या प्रत्येक झडतीची वेळ, कारण आणि अधिकाऱ्याचे नाव लिहा, आणि त्याची प्रत द्या. तोवर आपण लिहू. हुज्जत नको, नेमप्लेट, वेळ, ठिकाण त्याच रात्री टिपून ठेवा. पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. दाद नाही मिळाली तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही बंधनकारक केले. ठाण्यात नेले असेल तर ते फुटेज मागा.

माझी तक्रार मी उशिरा का होईना, लिहिली आहे. तुमचीही लिहा.