वजन कमी होतं म्हणे

ऑक्टोबर २०२३. नांदेडच्या विष्णुपुरीतल्या सरकारी दवाखान्यात ४८ तासांत ३१ माणसं मेली, त्यात १६ लेकरं. साहेब लोक बोलले, वजन कमी होतं, शेवटच्या घडीला आणलं.

अरे, वजन काय दवाखान्याच्या दारात घटतं? मुखेड, कंधार, जळकोटची बाई पोटुशी असून फडात मोळ्या उचलते, तिथंच ते घटतं. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली म्हणजे जिवावर. तिचं मोजलं कुणी? साऱ्या गावाची नाळ मांगवाड्यातल्या सुईणीनं कापली. आज तिच्याच नातीला 'उशिरा आलीस' म्हणून सुनावतात!

१९२८ साली बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतिणीच्या हक्कासाठी बोलले. आपण जयंतीला डीजे लावतो.

पोरांनो, वस्तीतल्या गरोदर बायांची कार्डं बघा. बीपी, रक्त, वजनाचे रकाने कोरे दिसले तर आरोग्य केंद्रात ठाण मांडा. लेकरू जन्मल्यावर रडलं का, रंग कसा, हातपाय हलवतं का, हे पहिल्या मिनिटाला अन् पाचव्या मिनिटाला बघायचं असतं. बघितलं का, विचारा. अडीच किलोच्या आत भरलं तर आईच्या उघड्या छातीशी ठेवा. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषध, रक्त, गाडी फुकट आहे. 'बाहेरून आणा' म्हणून चिठ्ठी दिली, तर ती फेकू नका. तारीख टाकून जपून ठेवा.